सरांची कवळी

तोंडी परीक्षेत सरांनी भर वर्गासमोर पैलवानाच्या मित्राच्या बोलण्याची नक्कल केली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. पैलवान ते एक दिवसही विसरला नव्हता. आणि आता त्याच सरांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, नि कवळीचं काम चालून आलं होतं पैलवानाच्याच लॅबमध्ये! रविवारी सरांचा सत्कार होता, भाषण होतं. पैलवानाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

कवळ्या बनवायच्या कोर्सला पैलवान म्हणजे मागच्या बाकावरचा गडगडाट आणि मित्र पहिल्या बाकावरचा मुखदुर्बळ. बोलताना अडखळायचा, म्हणून वर्गाने त्याचं नाव ‘टेप’ ठेवलं, असं पैलवान सगळ्यांना सांगे. दुसऱ्या महिन्यात टेप आपणहून त्याच्या शेजारी येऊन बसला. पैलवानाच्या जाड बोटांना मेणात दात बसवणं जमेना, ते टेपने शिकवलं. बदल्यात कॅन्टीनपासून ऑफिसच्या खिडकीपर्यंत बोलायचं काम पैलवानाचं. पुढे तर एकाला ताप आला की दुसराही कॉलेज बुडवी. मग ती तोंडी परीक्षा झाली. सरांनी त्याला ‘टेप’ म्हणत नक्कल केली, वर्ग खो खो हसला. टेपने ॲप्रनची घडी करून टेबलावर ठेवली, आणि तो कॉलेजात परत आला नाही. पैलवानाने पास होऊन लॅब काढली, तेव्हा पहिल्यांदा त्यालाच घरून ओढून आणलं. भिंतीवर सर्टिफिकेट पैलवानाचं, पण खरी बोटं टेपची.

या कवळीला मात्र पैलवानाने त्याला हात लावू दिला नाही. समोरचे वरचे दात त्याने केसभर पुढे बसवले. तेवढ्याने ‘स’ निसटतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी दवाखान्यात मेणातली कवळी घालून बघायची होती. डॉक्टर म्हणाल्या, “सर, साठ ते सत्तर मोजा.”

सर मोजायला लागले आणि आकड्याआकड्याला शिट्टी वाजायला लागली. त्यांनी घाबरून कवळी काढली. “अहो, लोक हसतील मला!”

“हसू देत की,” पैलवान म्हणाला. “आमच्या वर्गात एक टेप होता. आठवतो?”

सरांनी त्याला निरखून पाहिलं. “आठवतो ना. पहिल्या दिवशी हजेरीला ‘टेप अडकली’ म्हणून मागून ओरडलास तो तूच. मी ते नाव तुझ्याकडूनच उचललं.”

पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं काही नव्हतं त्यात. “दात मागे घ्या आणि उद्या द्या,” असं डॉक्टरांनी बजावलं, तेही त्याला धड ऐकू आलं नाही. लॅबमध्ये येऊन त्याने मित्रापुढे सगळं ओकून टाकलं, मान खाली घालून.

“म... मला माहीत होतं,” टेप म्हणाला. “प... पहिल्या दिवसापासून. आवाज ओळखला होता तुझा.”

“मग शेजारी येऊन कशाला बसलास?”

“सूड घ्यायला. प... परीक्षेत तुझे दात वाकडे बसवणार होतो. मग मैत्री झाली. र... राहून गेलं.”

पैलवानाने डोळे पुसले. दात मागे घ्यायला मेण कापायची सुरी गरम करू लागला. टेपने त्याच्या हातातून कवळी काढून घेतली, केसभर पुढे असलेले दात बोटाने चाचपले आणि ती तशीच्या तशी साच्याच्या प्लास्टरमध्ये दाबली. आता ते दात तिथेच पक्के होणार होते.

“अरे, सरांचं काय?”

“त्यांच्याशी,” टेप म्हणाला, कुठेही न अडखळता, “माझी कधी मैत्री झाली?”