अर्ध्या शटरखालचा हात

दारव्ह्यात दगडफेक आणि मग बंद झाल्यापासून चित्रकलेच्या नसरीनबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलांना शांततेवर चित्रं काढा म्हटलं, तर वर्गभर पांढरी कबुतरंच. येरझारा घालता घालता बाई चिडल्या, "कबुतरं पुरे. बंदच्या दिवशी डोळ्यांनी पाह्यलं ते काढा."

तांड्यावरच्या वर्षानं अर्धं ओढलेलं शटर काढलं. त्याखालून एक हात पंक्चर काढलेली ट्यूब तिच्या बापाला देत होता.

चित्रातल्या अंगठ्याला अर्धंच नख होतं. तोच हात बाईंच्या डोक्यावर ठेवून नवऱ्यानं, जमीरनं, कसम खाल्ली होती की बंदमध्ये दुकान उघडणार नाही. उद्या चित्र भिंतीवर लागलं की सारं गाव तो अंगठा ओळखणार.

बाईंनी खोडरबर उचललं.

"काहून बाई?" वर्षा म्हणाली. "असंच तर पाह्यलं मी."