काचेवरची यादी

नवागामातल्या आमच्या झेरॉक्सवाल्या भाऊंचा आवाज थेट रंगमंचावर शोभणारा. गिऱ्हाईक कॉपी घेऊन निघालं की मागून गर्जना ठरलेली, "अहो, ओरिजिनल काचेवर राहिलं!"

परवा नगरसेवक 'गोपनीय' शिक्क्याची यादी घेऊन आले. आमच्याच गल्लीतल्या पाडायच्या खोल्यांची! कॉपी उचलून ते निघाले, ओरिजिनल काचेवरच. मी शेजारी उभा, आणि भाऊ चक्क मुके! तासाभरात यादी घरोघरी पोहोचली.

नगरसेवक तणतणत परतले, मागे अख्खी गल्ली. "कोणी फोडली यादी?"

"मी," भाऊ म्हणाले. "आता तुम्ही सांगा, खाली सही कोणाची?"

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "माझीच आहे. पण मी वाचून थोडीच केली होती!"

"म्हणून तर साहेब, सगळ्यांना वाचायला दिली."