इंजिन बंद पडलं नव्हतं

अन्याय झाला तो माझ्या मामावर. २००२ सालच्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, राजोडीच्या किनाऱ्यावर. अकरापर्यंत तो वालीवचा इंजिनांचा मिस्त्री होता. दुपारी दोनपर्यंत तो 'ज्याच्या इंजिनाने माणूस लुळा केला तो' झाला. पाच वर्षांनी मी हे परत लिहितेय, कारण पहिल्यांदा लिहिलं ते चुकीचं लिहिलं. ते कसं, तेही सांगते.

मामा वसईजवळ वालीवला एका शेडमध्ये इंजिनं बांधायचा. शेड दुसऱ्याची, हत्यारं त्याची. टेम्पो, ट्रक, अधूनमधून एखाद्या बोटीचं मशीन. दिवाळीनंतर त्याच्याकडे शूटिंगला गाड्या पुरवणारा एक माणूस आला. मागून दोराने ओढत एक लांबलचक अमेरिकन गाडी आणलेली. कधीकाळी कुणा शेठची असणार. मधल्या काळात कुणीतरी तिच्यात डिझेल इंजिन कोंबलं होतं.

"मिस्त्री, ही फळीवरून उडवायचीय आणि ही ट्रॅक्टरसारखी खोकते. मोठं पेट्रोल इंजिन टाका. आठ सिलिंडरचं."

"मिळायचं कुठे?"

"तुम्ही शोधा. बजेट नाही, आधीच सांगतो. एक दिवस चाललं पाहिजे. दोनदा उडवणार, तिसऱ्यांदा आपटणार. मग भंगार."

"आपटायलाच पाहिजे तर बैलगाडी आपटा," मामा म्हणाला. तो माणूस हसला. मामा हसला नव्हता.

आठ सिलिंडरचं इंजिन एका बंद बर्फाच्या कारखान्यामागे मिळालं. कधीतरी पाणी उपसायला लावलेलं. वरचं झाकण गेलं होतं, दोन सिलिंडरांत पावसाचं पाणी साचून गंज धरलेला, आणि त्या पाण्यात चक्क बेडूक. ते ओढून आणायला चार माणसं आणि एक हातगाडी लागली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या मंडळासाठी, गावाचं पाणी उपसून विकणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध पत्रकं लिहायचे. वालीवला पत्रकं वाटून झाली की मामाच्या शेडमध्ये चहाला थांबायचे. त्यामुळे ते इंजिन जवळजवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत मी पाहिलं.

नवं त्यात काहीच नव्हतं. गंजलेली दोन सिलिंडरं कापून त्यांत दुसरीकडून आणलेली नळकांडी ठोकून बसवली. पिस्टनच्या रिंगा एका ट्रकच्या, शेजारच्या लेथवर उतरवून घेतलेल्या. व्हॉल्व्ह तीन वेगवेगळ्या गाड्यांचे. ते मामा खरखरीत मलम लावून तासन् तास हाताने घासायचा आणि मग वर रॉकेल ओतून खाली थेंब येतो का बघायचा. थेंब आला की पुन्हा घासायचं. हेडखालची पॅकिंग बाजारात मिळाली नाही, तर तांब्याचा पत्रा आणून कात्रीने कापली. ब्लॉकला एक भेग होती. गाड्या पुरवणारा म्हणाला, "त्यात साबण भरा, एक दिवस टिकेल." मामाने भेगेच्या कडेने एकेक भोक पाडून त्यात पितळेचे स्क्रू पिळले, एकाला एक खेटून, आणि वरून घासून सपाट केलं. त्यात त्याचे आठ दिवस गेले.

"मामा, ही फोडायची गाडी आहे," मी म्हटलं.

"गाडी फोडायची आहे. आत माणूस बसनार आहे ना? त्याला पन फोडायचा?" मामा चिडला की घरच्या बोलीवर जायचा. "आणि इंजिनाला काय म्हाईत परवा भंगार व्हायचंय? त्याला आज चालायचंय."

तीन आठवड्यांनी ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेडच्या पत्र्यांवरची धूळ खाली आली. शेजारच्या गाळ्यांतून माणसं बाहेर आली. मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून, आठही सिलिंडरं एकेक ऐकत होता. इतका आनंदी तो मला नंतर दिसला नाही.

आता त्याच्या एका सवयीबद्दल. ती त्याला नडली. नव्याने बांधलेलं इंजिन पहिले काही दिवस ताणायचं नसतं, आतले भाग एकमेकांना घासून बसावे लागतात. मामा अशा इंजिनाला 'कच्चं' म्हणायचा. कच्चं म्हणजे वाईट नव्हे. ताज्या प्लॅस्टरला आपण ओलं म्हणतो तसं. आणि बांधून दिलेल्या प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर तो पांढऱ्या ऑइलपेंटने लिहायचा : 'इंजिन कच्चे आहे. सावकाश चालवा.' या गाडीवरही त्याने लिहिलं! फळीवरून उडवून झाडाशेजारी आपटायच्या गाडीवर. सगळे खो खो हसले. मीही हसले.

रविवारी किनाऱ्यावर ही गर्दी. मिस्सा सुटल्यावर माणसं चर्चमधून थेट आली होती, चांगल्या कपड्यांत, बायका सँडल हातात घेऊन. वसई गावातून, निर्मळहून, विरारहून सायकलींवर, रिक्षांत. मीही आईला घेऊन आले होते. लाकडी फळ्यांचा चढ सकाळी सातला ओहोटीत, कडक वाळूवर उभा केला होता. शूटिंग आठला होतं. हीरो साडेदहाला आला. तोवर भरती निम्मी वर चढली होती.

सुकी मासळी उलटीपालटी करणारी एक म्हातारी कोळीण मघापासून ओरडत होती, "अरे बाबांनो, पानी भरतंय! खालची वालू पोकल होते! त्या फल्या उचला आनि वर न्या!"

"मावशी, कॅमेऱ्यात येताय, बाजूला व्हा," फळ्या लावणारा पोरगा म्हणाला.

"कॅमेऱ्यात येते तर काय वाईट दिसते काय रे मी?"

सगळे हसले. फळ्या कुणी उचलल्या नाहीत.

पहिलीच उडी. ड्रायव्हर, तिशीचा शांत माणूस, मामाला म्हणाला, "मिस्त्री, आवाज एक नंबर आहे." गाडी लांबून निघाली. चढावर गेली आणि चढाचा डावा पाय वाळूत खचला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाडी हवेत वाकडी झाली आणि सुरूच्या बुंध्यावर दरवाजाच्या बाजूने जाऊन बसली.

आणि इंजिन चालू होतं.

चाक हवेत फिरत होतं, गाडी झाडाला टेकलेली, आणि ते आठ सिलिंडरचं इंजिन गर्जत होतं. ड्रायव्हर आत अडकला होता आणि पेट्रोलचा वास सुटला होता. माणसं कान झाकून उभी होती, जवळ कुणी जाईना. मामा धावला. वाकलेल्या बॉनेटखाली हात घालून त्याने कॉइलची वायर ओढून काढली, तेव्हा ते थांबलं. त्याचा तळहात तापलेल्या पाइपावर भाजला. मग माणसांनी ड्रायव्हरला बाहेर काढलं. तो जगला. कमरेखालून गेला.

तासाभराने हवालदार आले. गाड्या पुरवणारा माणूस त्यांच्या कानाशी लागला होता. तो सांगत होता की इंजिन चढावर बंद पडलं, जोर गेला, म्हणून गाडी वाकडी झाली. हवालदारांनी डॅशबोर्ड वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं, साहेब," मामा म्हणाला. हाताला ओला फडका गुंडाळलेला.

"इंजिन कच्चं होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हंजे... कच्चं असतंच ना साहेब, नवीन बांधल्यावर—"

"माहीत होतं की नव्हतं?"

"होतं, पन—"

"झालं तर."

आणि पंचनाम्यात लिहिलं गेलं : इंजिन कच्चे असल्याचे माहीत असूनही दिले, ते चढावर बंद पडले. फळ्यांचा शब्द नाही. भरतीचा शब्द नाही. गर्दीतल्या दोघांनी पंच म्हणून सह्या केल्या, उभ्या उभ्या, न वाचता. मी पुढे झाले आणि म्हटलं, इंजिन चालू होतं, सगळ्यांनी ऐकलंय. हवालदार म्हणाले, "तुम्ही भाची ना त्यांची? मग गप्प बसा." मी मागे वळले. मघाशी कान झाकून घेतलेली शे-दोनशे माणसं पांगायला लागली होती. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी तिथे होते. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "पोरी, आवाज आला खरा, पण तो इंजिनाचाच होता असं मी शपथेवर कसं सांगू?"

मग मी माझं काम केलं, म्हणजे पत्रक काढलं. 'कष्टकऱ्याचा बळी देणाऱ्या चंदेरी दुनियेचा धिक्कार असो!' वालीव, वसई, राजोडी, सगळीकडे वाटलं. त्यात भांडवलदारांवर दोन परिच्छेद होते. आमच्या मंडळाचं नाव तीनदा होतं. शेवटी मी लिहिलं होतं की असल्या जुन्या भंगारातून इंजिन बांधायला भाग पाडून कष्टकऱ्याचं कौशल्य धुळीला मिळवलं जातं. मला वाटलं मी मामाची बाजू घेतली. वालीवच्या गाळेवाल्यांनी वाचलं ते एवढंच : भाचीसुद्धा म्हणते भंगार होतं. इंजिन चालू होतं, हे एक वाक्य त्या अख्ख्या पत्रकात नव्हतं. ते मला सगळ्यांना माहीत आहे असं वाटलं होतं.

मामाने पत्रक वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. "भंगार नव्हतं गं ते," एवढंच म्हणाला.

शेडमालकाने आधी एक गाडी परत पाठवली, मग दुसरी. कुणी भांडलं नाही. लोक फक्त दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागले. तीन महिन्यांनी कळलं की गाडी पोलिसांनी सोडली आणि ती वालीवलाच एका भंगारवाल्याकडे पडून आहे. मी मामाला घेऊन गेले. उघडून दाखवू, चार मिस्त्र्यांसमोर, असं ठरवलं होतं. ब्लॉक गॅसने कापून झाला होता. स्क्रू पिळून शिवलेल्या भेगेच्या बरोबर मधून. मामाने एक तुकडा पायाने उलटा केला, बघितला, आणि म्हणाला, "चल, बस चुकेल."

ड्रायव्हरला मी भेटून आले. तो म्हणाला, ताई, मला आठवत नाही. नुकसानभरपाईचं त्याचं बोलणं चालू होतं आणि ते फिल्मवाल्यांशीच चालू होतं. मी त्याला दोष देत नाही.

आज मामा विरारला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. रहिवाशांची गाडी सुरू झाली नाही तर ते त्याच्यासमोरून फोन करून मेकॅनिक बोलावतात. तो बाजूला उभा राहून फाटक धरतो. मी परत काही करायचं म्हटलं की तो म्हणतो, "ऱ्हाऊ दे." काम त्याला परत मिळणार नाही. पंचनामा बदलणार नाही. इंजिन उरलेलं नाही. माझ्या हातात काहीही पुरावा नाही.

पुरावा तुमच्याकडे आहे. त्या सकाळी तुम्ही तिथे होतात. मिस्सावरून आलात, सायकलवरून आलात, पोरांना खांद्यावर घेतलंत. तुम्ही कान झाकलेत. बंद पडलेल्या इंजिनाला कुणी कान झाकतं का? यामुळे काही होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. पाच वर्षांत काहीच झालेलं नाही. तरी एक कोरा कागद घ्या. जे ऐकलंत ते तुमच्या शब्दांत लिहा, खाली तुमचं पूर्ण नाव आणि गाव लिहा, सही करा. तो कागद मला देऊ नका. विरारला जा, मामासमोर उभे राहा, आणि त्याच्या हातात द्या.