मनापासून मारलेली लाथ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागाहून. डोकं अजून पुरतं आलेलं नाही असं माझा नवरा म्हणतो, पण करडी गावात, माझ्या माहेरी, या पायांना फार मान होता. कुणाच्या पाठीत चमक भरली की तो माणूस सकाळी तोंडही न धुता आमच्या दारी यायचा, उंबऱ्याशी पालथा पडायचा आणि मी शाळेची वेणी घालता घालता त्याच्या कमरेवर एक लाथ ठेवून द्यायची. सरपंच, मास्तर, पोलीस पाटील, कुणी सुटलं नाही. उठताना वर माझ्या पाया पडायचे. एवढी प्रतिष्ठा मला पुढे कुठल्याच शिक्षणाने मिळवून दिली नाही.

गुणही यायचा. पोतं उचलताना किंवा चिखलात वाकून धान रोवताना भरलेली चमक थोड्या दिवसांत आपोआप सुटते, हे मला फार उशिरा कळलं. लोक दुखून दुखून कंटाळले की माझ्याकडे यायचे, म्हणजे ती सुटायच्या बेतातच असायची. श्रेय पायाला जायचं. पायाने कधी नाकारलं नाही.

आंधळगावच्या स्थळाकडून बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी स्वयंपाक विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. "पायाळू हाय म्हनते पोरगी, खरं काय?" एवढंच विचारलं आणि हो म्हणताच चहा संपवून लग्न पक्कं केलं. हुंडा घेतला नाही हे त्यांचं मोठेपण आमच्या दोन्ही गावांत अजून सांगतात. त्यांना हुंडा नको होता, लाथ हवी होती. त्यांची कंबर दुखत होती.

सासूबाई रोवणाऱ्या बायांच्या म्होरक्या. रोवण्याच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सकाळी वाकलेली बाई दुपारच्या जेवणालाच सरळ होते, आणि सासूबाई तर जेवायलाही सगळ्यांच्या शेवटी निघायच्या. त्यांच्या ओळीपुढे कुणाची ओळ गेलेली त्यांना खपायची नाही. अशी कंबर दुखणार नाही तर काय गाणं म्हणणार?

तर नवी सून, डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा, आणि दारात पालथी पडलेली सासू. जमलेल्या बायकांचे चेहरे मी विसरणार नाही. कित्येकींच्या मनात आयुष्यभर असलेलं काम मी सगळ्यांदेखत, मागणीवरून, करत होते. मी हळूच पाय टेकवला. बाई चार दिवसांत बऱ्या झाल्या.

पुढच्या वर्षी दुखणं परत आलं आणि या वेळी मुक्कामालाच आलं. लाथ झाली, पुन्हा झाली, वर्षानुवर्षं होत राहिली. काही फरक नाही. पायाळूच्या पायात दोष असू शकत नाही, तेव्हा दोष माझ्या मनात निघाला.

"तू मनापासून मारूनच नाही राहिली," सासूबाई म्हणायच्या.

"आई, मनापासून मारली तर तुम्ही उठणार नाही," मी म्हणायची. त्या हसायच्या नाहीत. मीही सगळंच काही गमतीने म्हणत नव्हते.

मागच्या रोवण्यानंतर मात्र त्या बाजेवर पडल्या. आता उठायचं नाही, पूर्ण आराम, असा आख्ख्या मोहल्ल्याने निकाल दिला. मग भेटायला येणारे सुरू झाले आणि प्रत्येकाच्या हातात एक उपाय. कुणी मोहाच्या बियांचं तेल आणलं, कुणी एरंडाची पानं. शहापूरजवळ हायवेला तंबू ठोकून बसलेल्या जडीबुटीवाल्याकडून माझ्या नवऱ्याने एक बाटली आणली. तिच्यावर वाघाचं चित्र होतं आणि आत कापराच्या वासाचं खोबरेल. शेजारच्या काकूने तापवलेला बिब्बा कमरेला लावला. दुसऱ्या दिवशी तिथे हा एवढा फोड. "नैसर्गिक आहे, काही होत नाही," असं नवरा मोबाईलमध्ये बघून सांगत होता. मी म्हटलं, नागसुद्धा नैसर्गिकच असतो, सोडू का एखादा अंथरुणात?

विनोद करत होते, पण मला भीती वाटत होती. सासूबाईंनी आधी चुलीपाशी येणं सोडलं, मग अंगणात येणं. पुढे मोरीपर्यंत जायलाही माझा खांदा लागायला लागला. दुखण्यापेक्षा दुखेल या धाकाने त्या हलत नव्हत्या. पायांच्या काड्या झाल्या. आमच्याकडे अशी बाजेवर पडलेली म्हातारी शेवटी चौघांच्या हातांनीच खाली कशी उतरते ते मी पाहिलेलं आहे, आणि मला या बाईला तसं उतरवायचं नव्हतं. भांडायला मला दुसरं होतं कोण?

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फोटो काढले, वाकवून पाहिलं, पाय उचलून पाहिले आणि सांगितलं की आत काही मोडलेलं नाही. नवी चमक असते तेव्हा थोडे दिवस जपावं लागतं. हे दुखणं जुनं आहे, आता पडून राहिल्याने वाढतं. शेक घ्या, रोज थोडं थोडं चाला, दुखलं तरी घाबरू नका, झोप नीट घ्या. पूर्ण जाईल असं मी सांगत नाही, पण तुम्ही उठाल.

"गोळी नाही, सुई नाही," परतताना सासूबाई म्हणाल्या. "घरी चाला म्हनते. चालता येत असतं तर इथं कायले आली असती?" आणि घरी येऊन पुन्हा पडल्या. मी चाला म्हटलं की सून मारायला उठली, असं भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या.

यंदाचा रोवणा तोंडावर आला. बाया विचारून जायच्या, काकी येते का? काकी भिंतीकडे तोंड करायच्या. त्या दिवशी नवरा पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला बांधीवर गेला होता आणि मी अंगणात दाराशीच ठेवलेलं तांदळाचं पोतं ओढायला गेले. कमरेत असा चटका बसला की मी जागच्या जागी पालथी. श्वास घेतला तरी दुखत होतं. इतकी वर्षं माझ्या दारात लोळणारी माणसं का कण्हत होती ते पहिल्यांदा कळलं.

"काय पडलं वो?" आतून आवाज.

"मी पडली, आई. चमक भरली."

मग, "आता तुले कोन मारन?"

हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. गावात दुसरं पायाळू कुणी नाही. बाज करकरली. भिंतीला घासत येणारा हात ऐकू आला, आणि सासूबाई दारात उभ्या. कुणाच्याही खांद्याशिवाय.

"आई, तुम्ही पायाळू नाही."

"मले मालूम हाय. गप पड."

चौकट धरून, एका काडीसारख्या पायावर उभं राहून, त्यांनी दुसरा उचलला आणि मारली. लग्नापासून साठवलेली असावी. चमक नेमकी कुठे होती तेच मी विसरले.

"कशी बसली?"

"मनापासून," मी मातीत तोंड खुपसून म्हटलं.

"अशी मारतात. इतके वर्स तेच सांगून राहिली मी तुले."

मग त्यांनीच चुलीवर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि माझी कंबर शेकत बसल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुखण्याचं नव्हतं.

"तुमची दुखत असन ना?" मी विचारलं.

"दुखून राहिली." त्यांनी जरा विचार केला. "पडून होती तवाही एवढीच दुखे." आणि नवरा आल्यावर त्याला बाज बाहेर उभी करून ठेवायला सांगितलं.

मला थोड्याच दिवसांत बरं वाटलं. चमक सुटणारच होती. त्यांची कंबर अजून दुखते. रोज सकाळी माझ्याबरोबर तलावाच्या पाळीपर्यंत चालतात, डॉक्टरीणबाईंना नावं ठेवत. चिखलात उतरत नाहीत, पण रोवण्याला काठी घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या होत्या आणि प्रत्येकीची ओळ वाकडी ठरवत होत्या. काकी, कोणता उपाय केला, असं एकीने विचारलं.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "सुनेले एक लात मारली, उभीच राहिली."

सासवा मान डोलवत होत्या. त्यांच्या सुना तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.