उघडल्याची तारीख

नारायणकाका गेल्याचा काकूंचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत एका बाटलीवर तारीखच लिहीत होते. ती सवय त्यांचीच.

सांगलीहून मी म्हैसूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले, तेव्हा काका तिथलं स्टोअर सांभाळत. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं, कित्येक पिढ्या म्हैसुरात मुरलेलं. बोलण्यात कानडी इतकी, की सुरुवातीला मला निम्मंच कळायचं. त्यांची खोली थंड, अर्धवट अंधारी. खिडकीला काळा कागद, फळीवर तपकिरी बाटल्या आणि हवेत इथरचा हलका, गोडसर, गुंगवणारा वास... अजूनही कधीकधी स्वप्नात मी त्या खोलीत नुसती उभी असते. प्रत्येक बाटलीवर पेन्सिलीने दोन ओळी असत: कधी आली आणि कधी उघडली.

त्या ओळी मी घालवल्या. तपासणी समिती यायची होती आणि काका दोन दिवस सरगूरला लग्नाला गेले होते. मी नवी, हौशी आणि बरीचशी आगाऊ. मळलेली लेबलं भिजवून काढली आणि सुबक छापील लावली. इथरची बाटली एकदा उघडली की हवा लागून आत हळूहळू पेरॉक्साइड साठतं. त्याला थोपवणारं रसायन घातलेलं असतं, पण तेही कधीतरी संपतं. मग जुन्या बाटलीचं नुसतं झाकण पिळलं तरी स्फोट होऊ शकतो. हे मी वर्गात घसा फोडून शिकवत होते, आणि तारखा मात्र स्वच्छ धुऊन टाकल्या होत्या.

काका परतले ते दारातच थांबले. मी कौतुकाने एक बाटली दाखवायला पुढे झाले.

"हात लावू नको ग. सुम्ने, गप उभी रहा," ते हळूच म्हणाले.

त्या बाटलीच्या झाकणाखाली पेरॉक्साइडचे पांढरे खडे धरले होते. काकांनी मला बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि जाणकार माणसं येऊन सगळ्या बाटल्या नेईपर्यंत दारात स्टूल टाकून बसून राहिले. लेबलं कोणी बदलली, असं प्राचार्यांनी विचारलं. "खोली माझी, चूक माझी," काका म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीतला एकुलता एक मेमो त्यांना मिळाला. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. त्याची लाज आजही वाटते.

नंतर रडत माफी मागायला गेले, तर म्हणाले, "आयतु, झालं ते झालं, सोड. बाटलीला वय विचारता येत नाही ना ग, आपणच लिहून ठेवायचं. उद्यापासून तू लिही."

गेल्या आठवड्यात चामराजपुरमच्या त्यांच्या घरी गेले होते. स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीवर, हिंगाच्या डबीवर, सगळीकडे त्यांचं बारीक अक्षर. काकूंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी पुढे ठेवली. वर ‘भरली’ आणि तारीख. खाली ‘उघडली’, आणि पुढे मोकळी जागा...

"त्यांनीच घातलेलं. मला उघडवेना," काकू म्हणाल्या आणि फडताळातली त्यांची पेन्सिल माझ्या हातात दिली. "तू लिही."

कशीबशी तारीख लिहिली आणि इतकी वर्षं अडकलेलं बोलून टाकलं, "काकू, तो मेमो माझा होता."

काकूंनी झाकण पिळलं. "गोत्तु ग, ठाऊक आहे मला. त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. पोरीला कधी विचारू नको म्हणाले."

मग लोणच्याची एक फोड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. छान मुरली होती.