ज्या घरात प्रत्येक पोराला एक कारखाना मिळतो: अकोला-अमरावतीचे तीन दिवस

लोक किल्ले बघायला जातात, मी कारखाने बघायला जाते. घरच्यांना हे अजून पचलेलं नाही. ऑक्टोबरच्या सुट्टीत "अकोल्याला चाललेय" म्हटल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "कोणाचं लग्न आहे?"

कोणाचंच नव्हतं. मला टिकार उद्योग समूह बघायचा होता. कॉलेजमधली माझी रूममेट गौरी टिकार, तिच्या घरचा धंदा. तिच्या पणजोबांनी अकोल्यात जिनिंग टाकलं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आज त्याच घराचं तेल आहे, साबण आहे, बर्फ आहे, पाइप आहेत, इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि लग्नाचं लॉनसुद्धा आहे. वेबसाइटवर या सगळ्याला 'दूरदृष्टी' आणि 'सिनर्जी' म्हटलंय. मी बीबीए आहे. असलं काही वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो.

त्यात गौरीचा फोन आला. "लवकर ये. आमचं जुनं जिनिंग पाडून राहिले. लॉनसाठी पार्किंग करायचंय म्हणे. ते मला चालवायचंय. रविवारी घरात ठरणारे."

अकोला

पुण्याहून रात्रीची गाडी धरा, सकाळी अकोल्यात. टोपी विसरू नका, इथलं ऑक्टोबरचं ऊन पुण्याच्या मे महिन्याला लाजवतं. स्टेशनबाहेर गरम कचोरी आणि तळलेली मिरची खाल्ली. मिरची 'साइड डिश' आहे असं समजून मी एका घासात संपवली. तुम्ही असं करू नका.

जिनिंग बंद होऊन काही वर्षं झालीत. उंच पत्र्याची शेड, आत ओळीने मशिनी, आणि तुळयांवर अजून कापसाचे पुंजके. गौरी ऑइलकॅन घेऊन एका मशिनीत डोकं घालून उभी होती. "यातल्या निम्म्या आजही सुरू होतील," म्हणाली. "गावातली बाकीची जिनिंगं सीझनला दिवसरात्र चालतात. आपलंच कावून बंद?"

तेवढ्यात तिचे धाकटे काका आले. बाळूकाका, बर्फाच्या फॅक्टरीचे चेअरमन. मी लगेच वही काढली.

"काका, कापसातून बर्फात जायची स्ट्रॅटेजी नेमकी काय होती?"

"स्ट्रॅटेजी?" काका विचारात पडले. "माया बारावीचा निकाल."

"म्हणजे?"

"नापास झालो ना बाप्पा! घरी बसून राहिलो. बाबा म्हणे, हा मोठ्याच्या जिनिंगात जाऊन बसला त दोघं भांडतीन. याले काहीतरी थंड टाकून द्या."

मी वही हळूच मिटली.

पण त्यात खरंच एक सिस्टिम आहे. टिकारांच्या घरात पोरगं मोठं झालं की त्याला नवा कारखाना मिळतो. दुसऱ्याच्या कारखान्यात कोणी हात घालायचा नाही. म्हणून एवढ्या पिढ्यांत वाटणी नाही, कोर्ट नाही. बिझनेस स्कूलमध्ये ज्याला डायव्हर्सिफिकेशन म्हणतात, त्याला अकोल्यात भावाभावांना लांब बसवणं म्हणतात.

अमरावती

अकोल्याहून एसटीने जा. रस्ता चौपदरी आहे, मूर्तिजापूरला चहा घ्या, दोन-अडीच तासांत पोचता. संध्याकाळी गिला वडा खायचाच. दह्यात बुडालेला असतो, कचोरीवाल्या मिरचीचं दुःख त्याने बरंच कमी झालं.

इथे साबणाचा कारखाना आणि समूहाचे मुख्य चेअरमन, म्हणजे गौरीचे मोठेबाबा, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. (मुख्य म्हणायचं कारण, या घरात चेअरमन नसलेला पुरुष मला भेटलाच नाही.) त्यांनी मला प्रेमाने सगळं दाखवलं. पाइपचा कारखाना कसा आला? जावई दिवाळीला आले, ते परत गेलेच नाहीत. आणि इंजिनिअरिंग कॉलेज?

"आमच्या प्रशांतले कुठीच ॲडमिशन लागून नाही राहिली," मोठेबाबा म्हणाले. "मंग म्हटलं, कॉलेजच काढू."

"मग प्रशांतदादा इंजिनिअर झाले?"

"नाही. अध्यक्ष झाला."

सोबत आलेल्या गौरीने तिथेच विषय काढला. "मोठेबाबा, जिनिंग मले द्या ना."

"तुले ब्युटी क्रीमची कंपनी काढून देतो ना माय. नाहीतर मशरूम कर. पोरी आजकाल मशरूम करतात."

"मशरूम नको. जिनिंग आहे ना आपल्याकडे!"

"तेच त. जे आहे ते मागायचं नसते."

बार्शीटाकळी रोड

रविवारी अकोल्याजवळच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम होता. रोडगा म्हणजे कणकेचा जाडजूड, पदर घातलेला गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि डॉक्टरला सांगता येणार नाही इतकं तूप. टिकारांची बोर्ड मीटिंग इथेच होते. रोडगे निखाऱ्यात गेले की विषय सुरू, रोडगे बाहेर आले की विषय बंद. त्यानंतर कोणी धंद्याचं बोललं तर त्याला वाढत नाहीत. म्हणजे गौरीकडे फक्त रोडगे भाजेपर्यंतचा वेळ होता.

"आज हिले जुनं देल्लं," मोठेबाबा म्हणाले, "त उद्या प्रशांत म्हणीन त्यात माया बी हिस्सा. मंग बाळू म्हणीन. जिनिंग सगळ्यायच्या बापाचं आहे. ते पाडलेलं बरं, पण वाटलेलं नाही."

सगळ्या चेअरमननी माना डोलावल्या. बाळूकाका काडीने रोडगे उलटत होते. मला वाटलं, संपलं.

मग ती म्हणाली, "ठीक आहे. मले मालक नका करू. जिनिंग सगळ्यायचंच राहू द्या. मले तिथं नोकरीवर ठेवा. मी पगार घेईन, तुमी हिशेब घ्या."

"नोकरी?" मोठेबाबांच्या बायकोच्या, मोठीआईंच्या, हातातली तुपाची वाटी कलंडली. "टिकारायची पोट्टी नोकरीले? लोकं काय म्हणतीन वं!"

"एखादी कंपनी बुडवून ये, कोणी काही नाही म्हणत," जावई कळवळून म्हणाले. हे ते अनुभवाने बोलत होते.

"वाटणी होते का यात?" गौरीने विचारलं. "सांगा, होते का?"

होत नव्हती. तेच तर अवघड होतं. बाळूकाकांनी एक रोडगा बाहेर काढला, दाबून बघितला, आणि गुपचूप परत आत सारला. "कच्चा आहे अजून," म्हणाले. तो कच्चा नव्हता. मी बाजूलाच बसले होते.

"एक सीझन," शेवटी मोठेबाबा म्हणाले. "पण कार्डावर डायरेक्टर लिहिजो. आन् पगाराचं बाहेर बोलायचं नाही."

"साहेब कोण माझा?"

एकाच वेळी सगळ्यांचे हात वर गेले.

पुणे

मी केस स्टडी लिहायला गेले होते. घेऊन आले एवढंच, की या समूहात कारखाना मिळवायला कशात तरी नापास व्हावं लागतं, आणि नोकरी मिळवायला अख्ख्या खानदानाशी भांडावं लागतं. सिनर्जी मला कुठे दिसली नाही. एकमेकांच्या कारखान्यात पाय न टाकता एका ताटात जेवणारी माणसं मात्र दिसली, आणि ते कुठल्या स्लाइडवर टाकायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

दिवाळीनंतर गौरीला फोन लावला. मागे मशिनींचा एवढा आवाज होता की ती ओरडून बोलत होती.

"एक दिवस सुट्टी मागितली. सगळ्या चेअरमननी वेगवेगळा अर्ज मागितला! बाळूकाकांनी मंजूर केला, मोठेबाबांनी नामंजूर, प्रशांतदादाने समिती नेमली."

"मग?"

"मग काय, आले कामावर. ऐक, बाहेर कापसाच्या गाड्या लागल्यात. ठेवते."

आणि तिने खरंच ठेवला.