पुढच्या दारानं गेलेला मांगूर

मंडईत मिशीवाला मांगूर मासा वळवळताना दिसला, की आमचं पारनेरकडचं आटलेलं तळं आठवतं. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता. आई भेगाळल्या चिखलातून जिवंत मांगूर उकरायची. त्यावरच आम्ही भावंडं तगलो. "चिखलातलं खात्यात," म्हणत पाटलीण नाक मुरडायची.

मग तिचीच लेक बाळंत झाली. बाळंतिणीच्या अंगात ताकद यावी म्हणून मांगूर हवा होता. निरोप आला, "मागल्या दारानं आनून दे."

आई पुढच्याच दारात उभी राहिली. माझ्या हातातल्या मडक्यात मासा धडका मारत होता.

"पाटलीनबाई, ह्यो हितनंच आत जाईल, न्हाईतर आमच्या चुलीवर जाईल."

पाटलीण दारातून बाजूला झाली. आईमागून मीही उंबरा ओलांडला.

तशीच पुढच्या दारानं मी शाळा-कॉलेजातही शिरले; गावातली पहिली पदवीधर मुलगी मीच झाले.